‘बोलेल की अजून’ : न बोलणारी मुलं मोजण्याचा इतिहास

माझा भाचा परंड्याला असतो. साडेतीन वर्षांचा आहे. सांगितलेलं सगळं त्याला कळतं. चप्पल आण म्हटलं की आणतो, आजोबांचा चष्मा कुठे राहिलाय हे घरात फक्त त्यालाच माहीत असतं. बोलतो मात्र मोजकं. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकाने ‘एकदा दाखवून घ्या’ म्हटलं, तेव्हा ताईने त्याला चार महिन्यांत दोन ठिकाणी नेलं. ऐकू नीट येतं हे दोन्हीकडे ठरलं. पुढे एका रिपोर्टात ‘सौम्य बौद्धिक विलंब’ आला, दुसऱ्यात ‘समज वयानुसार, भाषेत विलंब’. तिने दोन्ही कागदांचे फोटो पाठवून मला विचारलं, ‘‘तू मोजमापाचंच शिकतोस ना? मग यातला खरा कुठला?’’

एम.एस्सी. भौतिकशास्त्रात केली आणि आता पीएच.डी. मापनाच्या इतिहासावर करतोय, त्यामुळे प्रश्न रास्त होता. उत्तर मला आलं नाही. पण त्या प्रश्नामुळे माझ्याच संशोधन आराखड्यातलं एक वाक्य मला खोडावं लागलं. ते कसं, हे सांगतो. आराखडा लिहायला बसलेल्यांना उपयोग होईल.

ब्रिटिश काळातल्या जनगणनेत १८८१ पासून चार ‘व्यंगं’ नोंदवत : वेड, मूकबधिरत्व, अंधत्व आणि कुष्ठरोग. १९३१ पर्यंत हे चाललं. परंडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथली पहिली जनगणनाही १८८१ चीच. मूकबधिर म्हणून जन्मापासून तसे असलेलेच मोजायचे, अशी सूचना पुढे आली. आता विचार करा. दोष जन्मजात असेल तर सर्वांत लहान वयोगटात त्याचं प्रमाण कमी असायचं कारण नाही. अहवालांमधले तक्ते मात्र उलटं सांगतात : अगदी लहान मुलांत आकडा कमी, दहाच्या पुढे वाढलेला. अधिकाऱ्यांचं स्पष्टीकरण असं की, आशा सुटेपर्यंत आईबाप मूल मुकं आहे हे कबूलच करत नाहीत.

मी आराखड्यात लिहिलं होतं, ‘पालकांनी माहिती दडवल्याने आकडे कमी’. वाक्य छान वाटत होतं, गाईडनीही खूण केली नव्हती. ताईचा फोन झाल्यावर ते वाचवेना. दोन-तीन वर्षांच्या मुलाबद्दल प्रगणक दारात येऊन ‘मुका आहे का?’ विचारतो, तेव्हा आईचं सर्वांत प्रामाणिक उत्तर ‘अजून सांगता येत नाही’ हेच असतं. त्या उत्तराला रकानाच नव्हता. मिलिमीटरच्या पट्टीने केसाची जाडी मोजली आणि शून्य आलं, तर केसाने काही लपवलं असं आपण म्हणत नाही.

मग रकान्यांच्या जागी चाचण्या आल्या. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली बुद्धिमापन श्रेणी काढली, १९०८ मध्ये तिची वयानुसार मांडणी केली. तीन वर्षांच्या मुलासाठी त्यात काय होतं बघा : नाक-डोळे-तोंड दाखव, दोन अंक ऐकून परत म्हण, चित्रात काय काय आहे ते सांग, छोटं वाक्य पुन्हा म्हण, आडनाव सांग. पहिलं सोडलं तर सगळ्याला तोंड उघडावं लागतं. म्हणजे समज मोजायची म्हणून जे साधन केलं, ते या वयात बऱ्याच अंशी बोलणंच मोजतं. मूल बोलत नसेल तर दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात मिसळून जातात आणि नंतर वेगळ्या करता येत नाहीत.

आपल्याकडे ही श्रेणी व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. काम धारवाडचं, पुस्तक १९४० चं. मेहनतीचं काम आहे आणि ‘बिने-कामत’ चाचणी आजही वापरात आहे. पण तेव्हाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. परंड्याहून जवळची बार्शी मुंबई इलाख्यात होती, परंडा निजामाकडे, जिथे सरकारी कारभार उर्दूत चाले. मधे राज्याची हद्द होती. आमच्याकडच्या ‘ह्ये काय हाय रं?’ची सवय असलेल्या मुलाला अनोळखी खोलीत पुस्तकी मराठीत प्रश्न विचारला, तर तो नेमका कशाला अडला हे आजही सांगणं सोपं नसतं.

दुसरी वाट नागपूरहून आली, आणि मला ती जास्त रोचक वाटते. एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये अमेरिकेत व्हाइनलँडच्या संस्थेत सामाजिक परिपक्वतेची श्रेणी केली. तिचं भारतीय रूप नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी तयार केलं. यात मुलाला काही विचारायचंच नसतं. तो स्वतः जेवतो का, कपडे काढतो का, हे आईला विचारायचं. जनगणनेने जिची साक्ष संशयास्पद ठरवली, तिचीच साक्ष इथे मोजपट्टी झाली!

ताईने दोन्हीकडे विचारून घेतलं. पहिल्या ठिकाणी मुख्य भर तोंडी प्रश्नांवर होता. दुसरीकडे सेगँ फलक होता (लाकडी आकार आपापल्या खाचांत बसवायचे, शब्द लागत नाही) आणि मालिनची प्रश्नावली. म्हणजे दोन रिपोर्टांनी एकच गोष्ट मोजलीच नव्हती. यावरून दुसरा रिपोर्ट बरोबर आणि पहिला चूक, असं मी म्हणणार नाही. आईच्या उत्तरातही आशा मिसळते, आणि एसटीत झोपमोड झालेलं पोरगं लाकडी फलकसुद्धा भिरकावून देतं. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये पाच वर्षांखालच्या, नीट मोजता न येणाऱ्या मुलांसाठी ‘सर्वांगीण विकास विलंब’ असं निदान आहे, आणि काही काळाने पुन्हा तपासा, अशी अट त्यालाच जोडलेली आहे. ‘अजून सांगता येत नाही’ला अखेर रकाना मिळाला म्हणायचा.

आई म्हणते, थांबा, त्याचा मामापण उशिराच बोलला. (मामा म्हणजे मी.) ताईने थांबायचं नाही असं ठरवलं, कारण वाचा-उपचार सुरू करायला नावावर एकमत व्हावं लागत नाही. दर शनिवारी बार्शीची एसटी. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे, तोवर तो आपणहून म्हणतो ते शब्द ती एका वहीत तारखेसह लिहिते. काल ४१ झाले होते. ‘टी’ म्हणजे एसटी की पाटी, यावर आमचं एकमत होत नाही. तिने तो दोनदा धरलाय, मी एकदाच.