शब्दवेध : मॅगी गोरेंग

मलेशिया आणि सिंगापूरच्या रस्त्यांवर रात्री उशिरापर्यंत मिळणाऱ्या ‘मॅगी गोरेंग’ या पदार्थाच्या नावातील पहिला शब्द युरोपातील एक आडनाव आहे. स्वित्झर्लंडमधील गिरणीमालक यूलियुस मॅगी (जन्म 1846) यांचे वडील इटलीहून तेथे आले होते, आणि या घराण्याचे नाव आधी कडधान्यांच्या पिठाच्या सूपला व पुढे, 1947 मध्ये हा उद्योग नेस्लेत विलीन झाल्यानंतर, झटपट नूडल्सला लाभले.

‘गोरेंग’ हा मलय शब्द मात्र मराठी वाचकाला थोडा चकवतो. कारण मराठीत ‘तळणे’ आणि ‘परतणे’ या वेगळ्या क्रिया असल्या, तरी मलय भाषा ‘पिसांग गोरेंग’ म्हणजे तेलात सोडून तळलेली केळी आणि ‘नासी गोरेंग’ म्हणजे कढईत परतलेला भात या दोहोंसाठी एकच शब्द वापरते. विशेषण नामानंतर येते, हा त्या भाषेचा नियम येथेही पाळला गेला आहे. उकडून निथळलेल्या नूडल्स अंडे, टोफू, मिरचीचे वाटण व सोया सॉस यांसह मोठ्या आचेवर परतल्या जातात, म्हणून हे गोरेंग दुसऱ्या अर्थाचे.

हा पदार्थ विकणाऱ्या तमिळ मुस्लिमांच्या खाणावळींना ‘मामाक’ म्हणतात, आणि हे नाव तमिळ ‘मामा’शी, म्हणजे मराठीलाही परक्या नसलेल्या नात्याशी, जोडले जाते.