वंशशोध, वसाहतकालीन व्हर्जिनियातील

उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनिया या ब्रिटिश वसाहतीत (१६०७–१७७६) राहिलेल्या घराण्यांच्या पिढ्या कागदोपत्री पुराव्याने जोडण्याचा अभ्यास. येथील ज्या काउंट्यांची दप्तरे पूर्णतः वा अंशतः नष्ट झाली, त्यांना अभ्यासक ‘जळित काउंट्या’ असे म्हणतात. दप्तर जळाले की वंशही हरपला, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती अर्धीच खरी आहे.

वसाहतीत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद अँग्लिकन चर्चच्या पॅरिशकडे (धर्मविभागाकडे) होई. खरेदीखते, मृत्युपत्रे, मृतांच्या मालमत्तेच्या याद्या व न्यायालयाचे हुकूम काउंटीचा लेखनिक नोंदून ठेवी. जन्म-मृत्यूंची राज्यव्यापी नागरी नोंदणी १८५३ मध्ये सुरू झाली. त्यामुळे काउंटीचे दप्तर गेले, की घराण्याच्या इतिहासाचा मुख्य आधारच जातो. जेम्सटाउन येथील सरकारी सभागृह १६७६ च्या बेकनच्या बंडात व पुन्हा १६९८ मध्ये जळाले. न्यू केंट काउंटीचे दप्तर १७८७ मध्ये जाळपोळीत नष्ट झाले. सर्वांत मोठी हानी मात्र अमेरिकन यादवी युद्धाच्या अखेरीस झाली. उत्तरेच्या फौजांच्या भीतीने सखल प्रदेशातील अनेक काउंट्यांनी आपली दप्तरे रिचमंड येथे हलविली होती. २–३ एप्रिल १८६५ च्या रात्री शहर सोडताना दक्षिणेच्या सैन्याने वखारी पेटवून दिल्या. ती आग पसरून जेम्स सिटी काउंटीची दप्तरे, हॅनोव्हर काउंटीची बहुतेक दप्तरे आणि वसाहतीच्या जनरल कोर्टाचे कागद जळून गेले. सुरक्षिततेसाठी हलविलेलेच कागद नष्ट व्हावेत, हा दैवदुर्विलास होय. याउलट, उपसागरापलीकडील नॉर्दॅम्प्टन काउंटीत १६३२ पासूनची न्यायालयीन दप्तरे सलग शाबूत राहिली.

तथापि जमीन व कर यांच्याशी संबंधित व्यवहाराची नोंद सहसा एकाच कचेरीत राहत नसे. राजाच्या नावे दिलेल्या जमिनीच्या सनदा वसाहतीच्या मध्यवर्ती कार्यालयात नोंदल्या जात; १६२३ पासूनच्या या सनदा उपलब्ध आहेत. १७०४ मधील जमीनसाऱ्याच्या यादीची प्रत लंडनला पाठविलेली असल्याने वाचली. तीत जमीनमालकांची नावे व एकर नमूद आहेत. न्यू केंटचे दप्तर गेले, परंतु त्याच काउंटीतील सेंट पीटर्स पॅरिशचे नोंदपुस्तक व पंचमंडळाचे कामकाज टिकून आहे. लुइझा काउंटी १७४२ मध्ये हॅनोव्हरमधून वेगळी काढण्यात आली व तिची दप्तरे सुस्थितीत आहेत. हॅनोव्हरमधील घराण्यांचा शोध घेताना त्यांचा मोठा उपयोग होतो. १७९० च्या पहिल्या जनगणनेच्या व्हर्जिनियातील याद्या नष्ट झाल्यामुळे संघशासनाने १९०८ मध्ये १७८२–८५ च्या राज्यगणनेतील कुटुंबप्रमुखांची नावे छापून ती उणीव अंशतः भरून काढली. १७८२ पासूनच्या वार्षिक करयाद्यांची एक प्रत राज्याकडे जात असे. तिच्यावरून एखादा तरुण केव्हा करपात्र झाला, केव्हा स्थलांतरित वा मृत झाला, हे वर्षानुवर्षे पडताळता येते. स्वातंत्र्ययुद्धानंतर ब्रिटिश व्यापाऱ्यांच्या थकबाकीची चौकशी झाली. तिच्या कागदांत ऋणको केंटकीकडे निघून गेला की निर्धन मरण पावला, असेही शेरे सापडतात. सावकाराच्या चिकाटीने वंशशोधकावर केलेला हा एक उपकारच म्हणावा लागेल. १९५५ मध्ये सुरू झालेल्या व्हर्जिनिया कलोनिअल रेकॉर्ड्स प्रॉजेक्ट या योजनेखाली ब्रिटनमधील अशा साधनांचे सूक्ष्मपट तयार करण्यात आले.

साधने अप्रत्यक्ष असल्याने अनुमान कायद्याच्या जाणकारीने करावे लागते. मृत्युपत्र नसल्यास जमीन ज्येष्ठ पुत्राकडे जाई. हा नियम १७८५ मध्ये रद्द झाला. त्यामुळे स्वतः विकत न घेतलेली वा सनदेने न मिळालेली जमीन कोणी विकत असेल, तर तो आधीच्या मालकाचा ज्येष्ठ पुत्र असण्याचा संभव मोठा. मृत्युपत्रात नाव नसलेला मुलगा बेदखल केलेलाच होता, असेही ठरत नाही. वडिलार्जित जमीन त्यालाच मिळणार असल्याने त्याचा उल्लेख अनावश्यक ठरे. विक्रीच्या वेळी पत्नी आपला वैधव्यातील हक्क सोडून देई, तेथे तिचे नाव आढळते. माहेरचे नाव मात्र क्वचितच. वसाहतीत माणूस आणण्याबद्दल माणशी ५० एकर जमीन मिळे. सनदेतील अशी नावे हा पुरावा बेताने वापरावा लागतो. हे हक्क विकले जात आणि कित्येक वर्षांनी वटविले जात, म्हणून सनदेचे वर्ष हे आगमनाचे वर्ष नव्हे.

अपुऱ्या पुराव्याचा गैरफायदाही घेतला गेला. गस्टाव्ह अँजू (१८६३–१९४२) याने श्रीमंत अमेरिकनांना बनावट वंशावळी पुरविल्या व त्यांतील काही चुका पुढील ग्रंथांत उतरल्या. एकाच नावाच्या दोन व्यक्ती एक मानणे, हा प्रमाद तर नित्याचा आहे.

आगीत गेलेल्या कागदाहून मुळात न लिहिलेला कागद अधिक दुर्लंघ्य ठरतो. अँथनी जॉन्सन या आफ्रिकेतून आलेल्या व पुढे स्वतंत्र झालेल्या शेतकऱ्याला १६५१ मध्ये २५० एकरांची सनद मिळाली. नॉर्दॅम्प्टनच्या दप्तरामुळे त्याच्या कुटुंबाचा माग मेरिलंडपर्यंत लागतो. परंतु अपत्याचा दर्जा मातेवरून ठरविणाऱ्या १६६२ च्या कायद्यानंतर गुलाम मातेच्या अपत्याचा पिता नोंदण्याचे कायद्याला कारणच उरले नाही. गुलाम व्यक्ती मालकाच्या मृत्युपत्रात व मालमत्तेच्या यादीत बहुधा केवळ पहिल्या नावाने आढळतात. १८५० व १८६० च्या जनगणनेत त्यांची नावे सहसा नाहीत. वय, लिंग व वर्ण एवढेच आहे. त्यांचे वंशज १८७० च्या जनगणनेपासून मागे जाऊ पाहतात, तेव्हा त्यांना पूर्वजाआधी त्याचा मालक शोधावा लागतो आणि मग त्या मालकाच्या कुटुंबातील वाटण्या, कर्जे व विवाह तपासावे लागतात.

सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीच्या मुलांचे जन्म टॉमस जेफर्सनने स्वतःच्या शेतीच्या वहीत नोंदविले. पित्याचे नाव लिहिले नाही. तिचा मुलगा मॅडिसन याने १८७३ मध्ये जेफर्सन हा आपला पिता असल्याचे सांगितले होते. बहुतेक इतिहासकारांनी ते दीर्घकाळ मानले नाही. १९९८ मध्ये यूजीन फॉस्टर व त्याच्या सहकाऱ्यांनी डीएनए-परीक्षणाचे निष्कर्ष नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध केले. जेफर्सनला औरस पुरुषवंश नसल्याने त्याचा चुलता फील्ड जेफर्सन याच्या वंशजांचे वाय गुणसूत्र तपासण्यात आले. ते सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी जुळले. टॉमस वुडसन याच्या घराण्यातही जेफर्सनपासून उत्पत्तीची परंपरा सांगितली जाई, परंतु त्याच्या वंशजांशी ते जुळले नाही. वाय गुणसूत्रावरून पुरुषवंश कळतो, त्यातील विशिष्ट पुरुष कळत नाही. म्हणून टॉमस जेफर्सन मेमोरियल फाउंडेशनने २००० मध्ये हे परीक्षण, मुलांच्या गर्भधारणेच्या काळातील जेफर्सनची माँटिसेलो येथील उपस्थिती आणि मॅडिसनचे निवेदन एकत्र तपासले व जेफर्सन हाच एस्टनचा पिता असण्याची दाट शक्यता असल्याचा निर्णय दिला.