कापसाच्या मुलखातली चूल

वऱ्हाडच्या कापसावर इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्च केली. चुलीकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. १८५३ च्या तहाने निजामाचे वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस अडला आणि अकोला-अमरावतीच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. शेताचे रूप पालटले. ताटातली ज्वारीची भाकर मात्र हलली नाही.

कारण कापसाबरोबर अन्नही पिकत होते. कपाशीच्या ओळींत तुरीचे तास, धुऱ्यावर अंबाडी, रब्बीला हरभरा. म्हणून रोजचे वरण, ज्वारीच्या कण्या घातलेली अंबाडीची भाजी, आणि उन्हाळ्यात भाजीपाला आटला की झुणका. तांदूळ तेवढा भंडारा-चांद्याकडचा. तो सणाचा, पाहुण्यांचा.

त्यातूनच गोळाभाताची युक्ती निघाली असावी. हरभरा डाळीच्या भरड्यात तिखट, मीठ, हळद, हिंग आणि तेलाचे मोहन घालून घट्ट गोळे वळावेत. भात शिजत आला की त्यात ठेवून मंद वाफ द्यावी. पानात गोळा कुस्करून वर मोहरी-लाल मिरचीची कडकडीत फोडणी! थोड्या तांदळात सारे घर जेवते. नागपूरकरांनी वडाभाताचे कौतुक खुशाल करावे. तळणाची यातायात हवी कोणाला?

कापसाला जे साधले नाही, ते गेल्या काही दशकांत सोयाबीन आणि गव्हाने साधले. ज्वारीचे रान आटले, आणि भाकर अनेक घरांत आठवड्यातून एखाद्या वेळेपुरती उरली.