पाणवेलीला हद्द कळत नाही

पुण्यात जलपर्णी म्हणतात, कोल्हापूरकडे केंदाळ, आमच्या नाशिक जिल्ह्यात पाणवेली. नावं तीन, वनस्पती एकच. उन्हाळ्यात गोदावरीवर हिरवा गालिचा पसरतो, पेपरात फोटो येतो, मग मशीन येतं, मजूर येतात. पहिला पूर आला की सगळं वाहून जातं आणि शहरात विषय संपतो. आम्हा निफाड तालुक्यातल्या लोकांचा विषय तिथून सुरू होतो. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, नदीवर पैसा खर्च होणारच आहे. म्हणून या वेलीचा मागचा इतिहास लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

ही मुळात आपल्याकडची नाही. दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. फूल जांभळं, मधल्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा डोळा. त्या फुलावर भाळून लोकांनी ती जगभर नेली. अमेरिकेत ती १८८४-८५ च्या न्यू ऑर्लिन्सच्या प्रदर्शनातून पसरली असं सांगतात. पुढच्या पंचवीस वर्षांत लुइझियानातल्या जलमार्गांवर बोटी अडू लागल्या. १९१० साली तिथल्या ब्रुसार्ड नावाच्या लोकप्रतिनिधीने थेट संसदेत विधेयक आणलं: आफ्रिकेतून पाणघोडे आणू, ते वेल खातील आणि लोकांना मांसही मिळेल! विधेयक मंजूर झालं नाही हे नशीब. नाहीतर आज तिकडे पाणघोडे हटवण्याच्या निविदा निघाल्या असत्या.

आपल्या देशात ती आली बंगालमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. तीही शोभेसाठीच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत पूर्व बंगालचे नाले, खाड्या, भातखाचरं तिने व्यापली. होड्या चालेनात, पुराबरोबर वेल शेतात शिरून भात दाबून टाकू लागली. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोक तिला ‘जर्मन पाना’ म्हणत, शत्रूनेच आणून टाकली अशी वदंता होती. ब्रह्मदेशात १९१७ साली, आसामात १९२६ साली खास या वेलीसाठी कायदे झाले. बंगाल सरकारने १९२१ साली समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष कोण, तर जगदीशचंद्र बोस! एवढा मोठा शास्त्रज्ञ एका पाणवनस्पतीच्या मागे लावावा लागला, यावरून संकट केवढं होतं ते समजा. तरी बंगालचा कायदा यायला १९३६ उजाडलं.

या कायद्याचं मर्म साधं होतं. ज्याच्या जागेत वेल, त्याने ती काढायची. नाही काढली तर अधिकारी जागेत शिरून काढायला लावणार. पुढच्याच वर्षी प्रांतिक निवडणुका आल्या आणि पाणवेल काढू हे आश्वासन जाहीरनाम्यांत झळकलं. फजलुल हक मुख्यमंत्री झाल्यावर सरकारने पाणवेल निर्मूलनाचा सप्ताह पाळला, गावंच्या गावं पाण्यात उतरली. सगळे एकदम का, तर एकाने काढून उपयोग नाही, शेजारच्याची पुरात वाहून परत येते. वेल कायमची गेली नाही, आजही बांगलादेशात आहे. पण ताबा मिळाला तो या मार्गाने.

बंगालच्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट मांडली आहे. रेल्वेसाठी जे उंच बांध घातले त्यांनी पाण्याचा निचरा अडवला, आणि तुंबलेल्या पाण्यात वेलीला घर मिळालं. पाणवेलीला दोनच गोष्टी लागतात, संथ पाणी आणि खत. दोन्ही मिळालं तर दोन आठवड्यांत दुप्पट होते. बी तर गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं.

आता गोदावरीकडे या. गंगापूर धरण १९६५ साली पूर्ण झालं. शहराला पाणी मिळालं, शेती भिजली, ते हवंच होतं. पण उन्हाळ्यात नदीची धार मंदावली आणि त्याच काळात शहर वाढत गेलं. नाल्यांचं सांडपाणी, नासर्डीचं (आता नंदिनी म्हणायचं), वाघाडीचं पाणी गोदेत येत राहिलं. संथ पाणी आलं, खतही आलं. २०१२ मध्ये प्रदूषणाचा प्रश्न जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेला, नीरीसारख्या संस्थेला उपाय सुचवायला सांगितलं गेलं. मलनिस्सारण केंद्रं वाढली. पण आनंदवल्लीपासून तपोवन, दसक-पंचकपर्यंत उन्हाळ्यात फेरी मारा. जिथे नाला मिळतो तिथून खाली गालिचा दाट होत जातो. नदीच दाखवते कुठे काय चाललंय ते, वेगळा अहवाल कशाला?

पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुरू झाला, दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागलं, की शहरातली सगळी पाणवेल सुटते. ओढा, लाखलगाव, चांदोरी करत सायखेड्याच्या पुलाला येऊन अडते. पूल अडला की पाण्याला फुगवटा येतो, आणि गंगथडीच्या गावांना पुराची वेगळी भीती कशाला सांगायला हवी? तिथून सुटली की मुक्काम नांदूरमध्यमेश्वर.

गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा बंधारा ब्रिटिश काळातला. कोपरगाव-राहात्याकडे जाणारे गोदावरीचे दोन्ही कालवे इथून निघतात. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणथळ तयार झाली, पक्षी आले. १९८६ साली अभयारण्य झालं आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ होण्याचा मान २०२० च्या जानेवारीत जाहीर झाला. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण उथळ, संथ, गाळाचं पाणी म्हणजे वेलीला आयतं माहेर. कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या तिच्यावर मजेत फिरतात, हे खरं. मात्र थापट्या, तलवार बदक अशा थंडीतल्या पाहुण्यांना मोकळं पाणी लागतं. जाळी टाकणाऱ्यालाही तेच लागतं. वेलीखालच्या पाण्यात प्राणवायू कमी होतो, मग मासा कुठून मिळणार?

बातमीसाठी मी फोन केले की उत्तर ठरलेलं. शहराची हद्द दसकला संपली. पुढे नदीपात्र दुसऱ्या खात्याचं, काठ ग्रामपंचायतीचा, अभयारण्य तिसऱ्या खात्याचं. एक साहेब मला म्हणाले, ‘वाहून आलेल्या वेलीची मालकी ठरवता येत नाही हो.’ बंगालने ती १९३६ साली ठरवली होती. आपल्याकडे वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने परक्या आक्रमक प्रजातींचं कलम आलं. त्यात आयात, व्यापार, बाळगणं आणि फैलाव यांवर नियंत्रणाची तरतूद आहे. इथे तर वेल कुणी विकत नाही, विकत घेत नाही. ती नुसती वाहते.

भुंग्यांचा उपायही आहे. १९८० च्या दशकात बंगळूरुच्या शास्त्रज्ञांनी वेल खाणारे भुंगे आणून तिथल्या तलावांत सोडले, काही तलावांत गुण आला. पण त्याला वर्षं लागतात, आणि दर पावसाळ्यात वेलीबरोबर भुंगाही वाहून जाणार. तलावाचं औषध नदीला तसंच्या तसं लागू पडत नाही.

२०२३ साली जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय मंचाचा अहवाल आला. जमिनीवरच्या आणि गोड्या पाण्यातल्या आक्रमक प्रजातींत जगात सर्वांत जास्त ठिकाणी पसरलेली कोण, तर पाणवेल. दुसरी आपली घाणेरी, डोंगरावर जिथे तिथे दिसते ती. म्हणजे आपण एकटे नाही. पण शहर आपली वेल खालच्या गावांना पाठवतं आणि त्याला सफाई म्हणतं, एवढं तरी थांबवता येईल.

मागणी मोठी नाही. काढायची ती मे संपायच्या आत, विसर्ग सुरू व्हायच्या आधी. काढून काठावर ढीग लावायचा नाही, पहिल्याच पुरात तो परत नदीत जातो. पूररेषेच्या वर नेऊन खत करा. दसकच्या खाली, हद्द संपते तिथेच, उन्हाळ्यात तरंगता अडथळा लावा, म्हणजे कुणाची वेल किती ते मोजता येईल. आणि पुढच्या निविदेत दोन रकाने वाढवा: किती टन काढली, आणि कुठे टाकली. बिल त्यावर निघू द्या.