निजामशाहीचा उदयास्त



पाठ्यपुस्तकांत अहमदनगरच्या निजामशाहीच्या वाट्याला फार तर दोन-चार ओळी येतात. सनावळ्या पाठ होतात. पण हे राज्य कशाच्या बळावर उभे राहिले आणि कशामुळे बुडाले, हे मुलांच्या हाती लागत नाही. म्हणून हा अल्प प्रयत्न.

बहमनी राज्य खिळखिळे झाले, तेव्हा त्याचा वजीर मलिक हसन १४८६ साली मारला गेला. हा मलिक हसन मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुळातला, असे इतिहासकार फेरिश्ता सांगतो. त्याचा मुलगा मलिक अहमद त्या वेळी जुन्नर प्रांती होता. १४९० मध्ये बहमनी फौजेचा पराभव करून तो स्वतंत्र झाला आणि १४९४ मध्ये सीना नदीकाठी, भिंगारजवळ, त्याने स्वतःच्या नावाचे शहर वसवायला घेतले. तेच अहमदनगर, २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर आहे. १४९९ मध्ये दौलताबादचा बळकट किल्लाही त्याच्या हाती आला.

या राज्याचे खरे बळ माणसांत होते. दख्खनी, इराणी, हबशी, मराठे अशा सर्वांना येथे वाव मिळाला. विजापूरची प्रसिद्ध 'मुलूखमैदान' तोफ १५४९ मध्ये अहमदनगरातच एका रूमी कारागिराने ओतली. लखुजी जाधव आणि मालोजी भोसले यांच्यासारखे मराठा सरदार याच दरबारात नावारूपाला आले. १५७४ मध्ये वऱ्हाडही राज्याला जोडले गेले.

मग दृष्ट लागली ती घरातूनच. १५८८ मध्ये पहिल्या मुर्तजाला त्याच्या मुलानेच ठार केले. पुढच्याच वर्षी तो मुलगाही मारला गेला आणि दख्खनी व परदेशी या दोन गटांच्या वैरात परदेशीयांची कत्तल झाली. फेरिश्ता याच वर्षी नगर सोडून विजापूरला गेला. आठ वर्षांत सहा जण तख्तावर बसले किंवा बसवले गेले. शेवटी आपल्या विरोधकांवर मात करण्यासाठी मियां मंजू या सरदाराने मोगलांनाच मदतीला बोलावले. शत्रूला दार उघडणारा हात घरचाच होता, हे ध्यानात घ्या.

अशा वेळी हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी उभी राहिली. १५९६ मध्ये मोगलांनी सुरुंग लावून तटाला खिंडार पाडले, तेव्हा ती स्वतः तेथे गेली आणि रातोरात ते बुजवून घेतले. वऱ्हाड द्यावे लागले. नगर मात्र वाचले. परंतु १६०० साली ती मोगलांना फितूर झाल्याची आवई उठली आणि स्वकीयांनीच तिचा जीव घेतला. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

तरीही राज्य आणखी छत्तीस वर्षे तगले. याचे मोठे श्रेय मलिक अंबरचे. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी वजीर झाला. जमिनीचा कस पाहून त्याने सारा ठरवला. खडकी वसवून भूमिगत नहरीने तिला पाणी दिले. १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांना धूळ चारली. १६२६ मध्ये तो वारला आणि जुनी खोड पुन्हा उफाळली. १६२९ मध्ये लखुजी जाधवांची दरबारातच हत्या झाली. १६३३ मध्ये अंबरच्याच मुलाने, फत्तेखानाने, दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केले. शहाजीराजांनी एका बालराजाला गादीवर बसवून तीन वर्षे झुंज दिली. १६३६ मध्ये तीही संपली.

पालकहो, जोवर गुण पाहून माणूस निवडला गेला, तोवर हे राज्य वाढले. 'आपला' आणि 'परका' एवढेच पाहिले जाऊ लागले, तेव्हा तटबंदीही कामी आली नाही. चांदबिबीचे कर्तृत्व मुलींना सांगा, मलिक अंबरचे मुलांना सांगा. पण त्यांच्याभोवतीची फितुरीही लपवू नका. पूर्वजांचा अभिमान जरूर बाळगावा, आणि त्यांच्या चुका शिकण्यासाठी जपाव्यात.