पन्हळीपासून पडद्यापर्यंत

जुगाराचा इतिहास सांगू पाहणाऱ्यास ऋग्वेदातील अक्षसूक्तापासून किंवा हस्तिनापुरच्या द्यूतसभेपासून आरंभ करण्याचा मोह होतो. तो मोह आवरून आम्ही एका पन्हळीपासून आरंभ करीत आहोत. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मुंबईत पावसावर पैजा लागत. ठरलेल्या वेळात छपराच्या पन्हळीतून पाणी वाहू लागेल की नाही, एवढ्यावर रुपयांची देवघेव होई. जुगारास आळा घालणारा मुंबई इलाख्याचा कायदा १८८७ मध्ये नुकताच झालेला होता. त्यात जुगाराचे अड्डे होते, जुगाराची साधने होती. पाऊस मात्र नव्हता. पावसावरील पैज या कायद्यात बसत नाही असे न्यायालयात ठरले, आणि १८९० मध्ये सरकारला कायद्याची व्याख्या वाढवावी लागली.

फायलींच्या सहवासात उमेदीची वर्षे घालविणाऱ्या आम्हां कारकुनांस या हकीकतीचे फारसे नवल वाटत नाही. नियमातील फट क्रियापदात क्वचितच असते. ती बहुधा एखाद्या नामात असते. 'खेळ' म्हणजे काय, 'साधन' म्हणजे काय, 'अड्डा' कशास म्हणावे, येथेच सारा व्यवहार घडतो.

पुढे ज्या यंत्राने जगभर संसार धुळीस मिळविले, त्याची कथाही अशीच आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील चार्ल्स फे या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लिबर्टी बेल' नावाचे यंत्र केले. नाणे टाकावे, दांडा ओढावा, तीन चक्रे फिरावीत आणि तीन सारखी चित्रे जुळली तर पैसे मिळावेत, इतकी साधी रचना. प्रत्येक चक्रावर दहा जागा धरल्या, तर ज्या चित्रास प्रत्येक चक्रावर एकच जागा दिली आहे, ते हजारात एकदाच जुळणार! पण खेळणाऱ्यास हजार दिसत नाहीत. त्यास केवळ तिसरे चक्र एका घराने चुकलेले दिसते, आणि तो पुन्हा खिशात हात घालतो. कॅलिफोर्नियात या यंत्रांवर बंदी येताच ती पैशांऐवजी च्युइंगमच्या वड्या देऊ लागली. आजही अशा यंत्रांवर चेरी, लिंबू व आलुबुखार दिसतात, ते त्या वड्यांच्या स्वादांचे अवशेष होत. यंत्र तेच, नाव मात्र मिठाई विकणाऱ्याचे.

आमच्याकडे स्वातंत्र्यानंतर हीच युक्ती शब्दकोड्यांनी केली. मुंबई राज्याने १९४८ मध्ये बक्षीसस्पर्धांवर नियंत्रण व कर बसविला, तेव्हा शब्दकोड्यांचा एक मोठा व्यवसाय बंगळूरला गेला. तेथे छापलेले साप्ताहिक मुंबईच्या वाचकांकडून प्रवेशशुल्क गोळा करी. १९५२ च्या दुरुस्तीने राज्याबाहेर छापलेली पत्रेही कक्षेत आणली गेली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. चमारबागवाला खटल्याच्या १९५७ मधील निकालात सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी ऋग्वेद व महाभारताचे दाखले देत, जुगार हा संविधानाने संरक्षण द्यावे असा व्यापारच नव्हे, असा निर्वाळा दिला. इतका स्पष्ट निकाल असतानाही १९६२ मध्ये गिरणगावच्या परिसरात मटका रुजलाच. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे आकडे येणे बंद झाले, तर मडक्यातून चिठ्ठ्या काढण्यात आल्या. त्यास यंत्रसुद्धा लागले नाही. लागला तो गिरणीकामगाराचा पगार.

येथवरच्या फटी जुगाऱ्यांनी शोधलेल्या होत्या. यापुढे मात्र, आमच्या मते, इतिहासास वेगळे वळण लागते. गोवा, दमण व दीवसाठी १९७६ मध्ये जुगारबंदीचा कायदा झाला. १९९२ मध्ये त्यात तेरा-अ हे कलम घालून पंचतारांकित हॉटेलांत 'विद्युत करमणुकी'च्या म्हणजेच स्लॉट यंत्रांना परवानगी देण्यात आली. १९९६ मध्ये किनाऱ्यापासून दूर असलेल्या जहाजांवर पत्त्यांच्या व इतर मेजांच्या खेळांनाही मुभा मिळाली. ही 'दूरची' जहाजे पुढे पणजीसमोर मांडवीच्या पात्रात नांगरली गेली; धक्क्यावर उभे राहून दिवे मोजता येतील इतकी ती दूर! येथे फट कोणी हुडकली नाही. ती कायदा करणाऱ्यांनीच, परवानाशुल्क ठरवून, मोजून ठेवली. आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांस त्या कॅसिनोंत प्रवेशबंदी करण्यात आली. घरच्या माणसास जे विष वाटते ते पाहुण्यास वाढावयास हरकत नाही, असाच याचा अर्थ होतो. पाहुण्यांत कोल्हापूर-बेळगावची आपली माणसेही असतात.

महाराष्ट्राचे धोरण याहून गमतीचे होते. त्यानेही १९७६ मध्येच कॅसिनोंवर नियंत्रण व कर यांचा कायदा संमत केला, परंतु अमलात कधीच आणला नाही. सत्तेचाळीस वर्षे तो तसाच पडून राहिला. असा कायदा आहे तर तो लागू करा, अशी मागणी न्यायालयात होऊ लागली. अखेर २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचे ठरविले. दरम्यान गावोगाव 'व्हिडिओ गेम पार्लर'च्या पाट्या लागल्या. पाटीवर मुलांचा खेळ, आत गुणांच्या नावाखाली पैशांचा हिशेब. कर्नाटक व तामिळनाडूतील अशाच पार्लरांच्या प्रकरणात, यंत्रांत फेरफार करून खेळणाऱ्याच्या जिंकण्याची शक्यताच नाहीशी केली जाते, हे १९९५ मध्येच सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. म्हणजे येथे नशीबसुद्धा उरत नाही.

आम्ही राहतो त्या नोएडाची भूमी १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याच्या मूळ प्रदेशातील आहे. अड्डा चालविणाऱ्यास दोनशे रुपये दंड वा तीन महिने कैद, हे त्या कायद्याचे मूळ माप. त्याचे बारावे कलम निव्वळ कौशल्याच्या खेळास वगळते. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीस प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविले, आणि 'कौशल्य' या एकाच नामाच्या आधाराने पुढे अर्धशतकानंतर मोबाईलच्या पडद्यावर पैशांचे खेळ फोफावले. १८६७ च्या कायद्यास अड्ड्याच्या भिंती लागत. आता येथल्या मेट्रोच्या डब्यात, सोसायटीच्या पहारेकऱ्याच्या खुर्चीवर, रात्री उशाशी, जेथे बोट टेकेल तेथे अड्डा झाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून केंद्राने अशा खेळांच्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के जीएसटी लावला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट निषिद्ध ठरविले. खेळणाऱ्यास त्यात शिक्षा नाही. चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड आहे. कौशल्याचे नाम या वेळी गाळले गेले. मांडवीतील जहाजांच्या नावाचा मात्र त्या कायद्यात उल्लेख नाही, कारण ती 'ऑनलाइन' नाहीत.