स्टॅम्पर-वुड्रफ कसोटी
१९. ह्यू स्टॅम्पर आणि जुडिथ वुड्रफ यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेली ही कसोटी मुळात लसीकापेशींसाठी होती. लसीकाग्रंथीच्या गोठवून घेतलेल्या पातळ कापावर पेशींचा द्रव घालून काचपट्टी थंडाव्यात फिरवत ठेवीत, आणि सुटे राहिलेले धुऊन टाकल्यावर शिरांच्या अस्तराला धरून राहिलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजीत. फिरवणे येथे कळीचे, कारण वाहत्या रक्ताची ओढ सोसते तीच खरी पकड. रॉबर्ट सॅकस्टीन यांच्या गटाने हीच रीत अस्थिमज्जेतील रक्तजनक मूळपेशींना लावली आणि त्यांच्यावरील सीडी४४ या प्रथिनाचे एक शर्करायुक्त रूप सिलेक्टिन या आसंजन रेणूंशी, म्हणजे पेशींना अस्तराशी जोडणाऱ्या प्रथिनांशी, बांधले जाते असे दाखवले. शिरेतून दिलेल्या मूळपेशी मज्जेपर्यंत पोचतात, या विधानाचा एक आधार हाच.